भस्म्याचा रंग

सर्व मंडळींनी कृपया आपापल्या जागेवर बसून घ्यावे. वऱ्हाडींनी पंगतीकडे पळण्याची घाई करू नये. मायमाउल्यांनी लेकरं आवरावीत. आजवर कुठल्याही मांडवात जाहीर न झालेली एक अत्यंत गंभीर बाब या ठिकाणी जाहीर करण्यात येत आहे — आणि ती एका उंदराच्या रंगाविषयी आहे.

हसलात ना? हसा. लोकांना हसवण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. पण ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तिचं एक वाक्य एकदा भर मांडवात तोंडातून निघालं — ते कसं, ते पुढं येईलच — पण सगळी, मुळापासून, कुणालाच नाही. बायकोला नाही. गणपतीपुढं हात जोडताना एकदोनदा ओठांवर आली होती. पण वाहन त्याचं. त्याला आणि मी काय वेगळं सांगणार?

तर मी तेलगावचा. चौकात माझं कापडाचं दुकान आहे. मुख्य माल आहेराचा — टॉवेल, टोपी, फेटे, साड्या. आणि लग्नसराई लागली की मी माईक धरतो. पाहुण्यांची नावं पुकारायची, सत्कार उरकायचे, आणि नवरदेवाची वरात वेशीवर नाचत बसली की मांडवातल्या भुकेल्या लोकांना जागेवर धरून ठेवायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. मुहूर्त टळलेला, ऊन तापलेलं, भाताचा वास येतोय आणि वाढप्याला खूण करायची सोय नाही. अशा वेळी सुविचार चालत नाहीत. गोष्ट चालते. माझ्याकडं गोष्टी होत्या. त्यातली एक तर अशी, की तिच्यावर मी —

पण थांबा. आधी मन्मथ.

मन्मथ माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यांचं मूळ गाव धर्मापुरी, पण वडिलांनी तेलगावात किराणा दुकान टाकलं आणि पुढं ते मन्मथनं चालवलं. कपाळावर भस्म, अंगात पांढरा सदरा, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत एक छोटी चक्की. हळकुंडं स्वतः निवडून आणायची, अंगणात वाळवायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दळून द्यायची. आमच्या भागात ‘मन्मथची हळद’ म्हटलं की पुढं काही विचारायचं नसायचं. नवरीच्या अंगाला तीच, बाळंतिणीच्या दुधात तीच, पोराच्या फुटलेल्या गुडघ्यावरही तीच. त्याच्या दुकानाला ना पाटी होती, ना दिवे. जे काही होतं ते हे नाव होतं. एवढं ध्यानात ठेवा.

मी नाही ठेवलं.

आता मला सांगा, किराणावाल्याचा जन्माचा वैरी कोण? बरोबर. तोच एके दिवशी एसटीनं, मांडीवर बसून, मन्मथच्या घरी पाहुणा आला.

मन्मथची एकुलती एक लेक गिरिजा तेव्हा परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. सुट्टीला येताना तिनं पिंजऱ्यात उंदरांची एक जोडी आणली. पाळीव. मन्मथ म्हणाला, “अगं, ज्यांच्यापायी मी जन्मभर सापळे लावले, त्यांना तू तिकीट काढून आनलंस व्हय?” पोरगी म्हणाली, “अप्पा, नुसता हात तर लावून बघा.” अप्पांनी हात लावला. आणि संपलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर हा बाबा माडीवर बसून उंदराला शेंगदाणा सोलून देत होता, आणि खाली दुकानात सापळा लावलेलाच होता.

मग पिल्लं झाली. मित्रांनो, मी बैलबाजार पाहिलेत, जत्रा पाहिल्या, पण त्या टोपलीत जे रंग होते ते मी पाहिले नव्हते. एक पेढ्याच्या रंगाचं. एक ओल्या पाटीसारखं निळसर काळं. एकाचं डोकं आणि खांदे काळे, बाकी अंग पांढरं, आणि पाठीवरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ — जणू कुणी टोपडं घालून वर नाडी सोडलीय. एकाचे डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. मी आणि मन्मथ दोन म्हातारी होऊ घातलेली माणसं, त्या टोपलीवर वाकून पोरांसारखे भांडलो. कशावरून? नावांवरून. त्यानं दुकानातली नावं ठेवली — हा उडीद, ही मसूर, ही खसखस, हा हुलगा. मी म्हटलं, अरे ही जनावरं आहेत, माल नाही. माझे वडील गुरांचे व्यापारी होते, हेडी. देवणी बैलाला आमच्याकडं रंगावरून नाव पडतं. अंग पांढरं आणि तोंड अर्धंमुर्धं काळं असलं तर तो वानेरा, अंगभर काळी ठिगळं असली तर तो शेवरा. मी त्या टोपडंवाल्याला वानेरा ठरवलं. मन्मथ म्हणाला, “नांगराला जुंपनार हाईस का बे त्याला?” गिरिजा हसून हसून भिंतीला टेकली.

त्या हसण्याची आठवण पुढं मला बरीच पुरली.

त्यातलं एक पिल्लू त्यांनी मला दिलं. काळं कुळकुळीत, आणि कपाळापासून नाकापर्यंत एक पांढरा पट्टा, थेट भस्माचं बोट ओढल्यासारखा. मन्मथ तर हरखलाच. म्हणाला, हा आमच्या घरचा खरा, नाव भस्म्या ठेव. माझी बायको सुमन म्हणाली, घरात आणलात तर मी माहेरी जाईन. म्हणून भस्म्या दुकानात आला, गल्ल्याशेजारी, टोप्यांच्या फडताळावर. पोरं शाळा सुटली की आधी त्याला बघायची, मग घरी जायची. आहेराला आलेल्या बाया टॉवेल कमी आणि उंदीर जास्त बघायच्या. मला काय, मला गर्दी हवीच असते.

आता जरा जपून सांगायला हवं, कारण मी इथूनच वळसा घालत आलोय.

पिल्लू हातात देताना गिरिजा मला काहीतरी सांगत होती. मी त्या वेळी वडिलांच्या एका मारक्या बैलाची गोष्ट सांगण्यात गुंग होतो. तरी तिचं बोलणं कानावर पडलं. ती म्हणाली होती, “काका, ह्याचा रंग असाच ऱ्हानार न्हाई. ह्याची जातच तशी हाय. जुने केस झडतेत, नवे पांढरे येतेत. मोठा होता होता राखाडी होईल, मंग पांढरा.” मी ‘बरं बरं’ म्हटलं आणि बैलाकडं वळलो. विसरलो होतो, असं म्हणायची सोय आहे. आणि खरंच, काही महिने विसरलोही होतो. पण विसरणं आणि विसरून राहणं — यात फरक आहे ना? मला तो फरक चांगला माहीत आहे.

भस्म्या मोठा झाला तसा उतरायला लागला. आधी कानाजवळ मीठ सांडल्यासारखं झालं. मग पाठ राखाडी. मग कुशी. काळा असलेला उंदीर चुलीतली राख झाला. गिऱ्हाइकं विचारू लागली, हा दुसरा आणला का? मला बाजार आठवला. बैलाची जोडी जुळवायची असली, की एखादा हेडी एका बैलाच्या पांढऱ्या ठिगळावर काळा कलप लावतो. म्हणून माझे वडील सौदा करण्याआधी ओलं फडकं मागायचे. बैलाला पुसायचे, मग फडक्याकडं बघायचे, आणि मगच विकणाऱ्याच्या तोंडाकडं.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. माझ्या डोक्यात किडा वळवळला — मन्मथनं आपल्याला रंगवलेला उंदीर तर दिला नाही? गंमत म्हणून, माझीच जिरवायला? मी थप्पीतला एक नवाकोरा पांढरा टॉवेल काढला. कोपरा भिजवला. भस्म्याच्या ज्या मांड्या अजून काळ्या होत्या, त्या पुसल्या. चांगल्या घासून पुसल्या. तो बिचारा टॉवेल चाटत होता.

आणि मग मी टॉवेलकडं पाहिलं.

ते पुढं सांगतो. सांगणारच आहे. आधी गेवराई.

गेवराईच्या एका लग्नात नवरदेवाची गाडी महामार्गावर वाळूच्या ट्रकांमागं अडकली. मांडवात पाचशे माणसं, पंखे बंद, आणि नवरीचा मामा माझ्याकडं असा बघत होता की जणू ट्रक मीच लावलेत. मी दोन गोष्टी सांगितल्या. पडल्या. लोक उठायला लागले. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, “आमचा एक किराणावाला दोस्त हाय. त्यानं मला उंदीर दिला, काळाभोर. आन् म्हनला, लई वरच्या जातीचा हाय.” लोक थांबले. मी वडिलांचा बाजार आणला, ओलं फडकं आणलं, टॉवेल भिजवला, आवाज खाली नेला. पाचशे माणसं श्वास धरून उभी. आणि मी म्हटलं — “टॉवेल असा झाला मंडळी, जसं ट्रॅक्टरचं इंजन पुसलंय. मी दोस्ताला म्हनलं, गड्या, तुझा रंग तर पहिल्याच पान्यात उतरला की.”

काय हसले लोक. मी सांगतो, तसा हशा माणसाला आयुष्यात दोनतीनदाच मिळतो. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. नवरीचा मामा खुर्चीवरून घसरला. नवरदेव आला तेव्हा त्याच्याकडं कुणी बघेना.

त्यानंतर मी ती गोष्ट किती मांडवांत सांगितली, मोजलं नाही. लोक मागायचे. पुढं पुढं ती माझ्या आधीच गावात पोचलेली असायची. नाव मी कधी घेतलं नाही, पण तेलगावात किराणावाला आणि उंदीर म्हटल्यावर नाव घ्यायची गरज कुणाला होती? शिवाय साक्षीला जिवंत भस्म्या होताच, दुकानात बसलेला, महिन्यागणिक जास्त पांढरा. लोक त्याला बघायला यायचे आणि हसायचे. मन्मथही सुरुवातीला हसला. म्हणाला, माझ्यापायी तुझं पोट भरतंय तर भरू दे बे.

मग एकदा चौकात चहा पिताना कुणीतरी म्हणालं, “जो उंदीर रंगवतो, तो हळद कावून रंगवनार न्हाई?”

सगळे हसले. मीही हसलो. हे मात्र लिहून ठेवतो — मीही हसलो.

त्यानंतर मन्मथच्या दुकानात बाया हळद तळहातावर घेऊन, थुंकी लावून, घासून बघायला लागल्या. काही जणी पाण्याच्या पेल्यात चिमूट टाकून बघायच्या. मन्मथनं काय करावं? त्यानं स्वतःच गल्ल्यावर पाण्यानं भरलेला काचेचा पेला ठेवला. कुणी न मागता. ‘बघून घ्या ताई,’ म्हणायचा. जन्मभर ज्याला कुणी विचारलं नव्हतं, तो माणूस पेला पुढं सरकवायचा. मी समोरच्या फुटपाथवरून ते बघितलंय. मग चक्की आठवड्यातून एकदाच चालू लागली. मग बंद झाली. दारात कंपनीच्या हळदीच्या पुड्यांच्या माळा लटकल्या — रंगीत, चकचकीत, सीलबंद.

आमच्या घरातही पुडा आला. सुमननं एक दिवस हळद बदलली. मी विचारलं नाही. जेवताना आमटीला वास नव्हता, नुसता रंग होता. मी वर पाहिलं तर ती म्हणाली, “तुमीच तर म्हनलात. ज्याचं पोटात जातंय त्यात कशाला जोखीम?” स्वतःच्या खोट्याची आमटी दोन वेळा भुरकली आणि वर ‘छान झालीय’ म्हणालो.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. म्हणजे माणूस म्हणून थोडा तरी उरलो असतो. पण मन्मथ माझ्याकडं आला.

भर दुपारी आला, दुकानात. स्टुलावर बसला. भस्म्याच्या पिंजऱ्यात बोट घातलं. मग म्हणाला, “खरं सांग बे. रंग निघालता का?”

मी टॉवेलांची थप्पी सरळ करायला लागलो.

तो म्हणाला, “पोरगी म्हनती, ह्यांची जातच तशी हाय, रंग आपोआप जातो. मला काय कळतंय त्यातलं. पिल्लं आमच्याच माडीवर झाली, पर त्यांचं सगळं तीच करायची. तिनंच गंमत म्हून रंगवलं असलं तर? तू सोता पुसलंस म्हून तुला विचारायलोय. तुझ्यावर भरवसा ठेवू का पोरीवर?”

बघा, किती सोपं होतं. दुकानात तिसरं माणूस नव्हतं. माईक नव्हता. कुणी हसणार नव्हतं, कुणी रडणार नव्हतं. मला फक्त माझ्या शाळेतल्या दोस्ताला एक शब्द सांगायचा होता.

मी म्हटलं, “निघालता.”

त्यानं मान हलवली. चपला घातल्या. जाताना भस्म्याला ‘येतो रे’ म्हणाला, मला नाही. त्या दिवाळीत गिरिजाचे उंदीर परभणीला परत गेले आणि तिचं येणं कमी झालं. बाप-लेकीत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. एकदा ती बसस्टँडवर भेटली. माझ्या गोष्टी तिच्या कानावर गेल्याच होत्या. तिनं तो विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, “काका, भस्म्या बरा हाय ना?”

भस्म्या बरा होता. पुढं म्हातारा होऊन एका थंडीत गेला. हे जीव फार जगत नाहीत. गेला तेव्हा शेपटीच्या बुडाशी राखेची एक रेघ सोडली तर सगळा पांढरा होता, गिरिजा म्हणाली होती तसाच, अक्षरही चुकलं नाही. मी त्याला दुकानामागं सीताफळाच्या झाडाखाली पुरलं आणि संध्याकाळच्या लग्नात तीच गोष्ट सांगितली.

सांगितली, हो.

आणि मग या वर्षी मन्मथ पत्रिका घेऊन आला. गिरिजा डॉक्टर झाली होती, आणि लग्न ठरलं होतं त्यांच्या मूळ गावी, धर्मापुरीला. मुलगा गेवराईकडचा, तोही जनावरांचाच डॉक्टर. पत्रिकेला हळदकुंकू लावून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “हळदीपासून माईक तुझ्याकडं. दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाई.” मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं काहीच लपवलेलं नव्हतं. तेच वाईट होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही धर्मापुरीला जायला निघालो. जीपमध्ये सुमननं पिशवी उघडून मला दाखवली. आत हळदीचा पुडा. म्हणाली, “मन्मथभाऊंनी म्हनं लेकीसाठी चक्की चालू केली, सोता दळलीय. पोरीच्या तोंडाला काय भलतंसलतं लागाया नको. लग्नाचं तोंड हाय. मी गर्दीत हळूच वाटी बदलते. कुनाला कळायचं न्हाई.” आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. तिला वाटलं, ती गिरिजाला वाचवतेय.

तुम्ही कधी बायकोच्या चांगुलपणाकडं बघून घाबरलात? मी घाबरलो.

मांडव गावातल्या जुन्या देवळापासून जवळच होता. पाटावर गिरिजा, आजूबाजूला बाया, मध्ये पितळी वाटीत ती हळद. वास मांडवाच्या दारापर्यंत आला होता. किती वर्षांनी आला तो वास. मी माईक हातात घेतला आणि मुलाकडच्या मंडळींचं स्वागत सुरू केलं, तोच मुलाचा काका पुढच्या रांगेतून ओरडला, “अहो, तुमी तेच ना? उंदरावाले? ती टावेलाची होऊन जाऊ द्या की. आमच्या गेवराईत अजून सांगतेत.” त्या माणसाला काय माहीत, गोष्टीतला किराणावाला त्याच्याच शेजारी सुपारीचं ताट घेऊन उभा आहे. इकडची माणसं खाली बघायला लागली. गिरिजानं डोळे मिटले. आणि सुमन — तिचा हात पिशवीत गेलेला मला दिसला.

मन्मथ माझ्याकडं बघून म्हणाला, “सांग की. पाव्हने म्हनायलेत तर सांग.”

मी सांगायला लागलो. सवयीनं सगळं आलं. काळं पिल्लू, वडील, बाजार, ओलं फडकं. आवाज बरोबर जागी खाली गेला. माणसं बरोबर जागी पुढं झुकली. टॉवेल भिजवला, पुसला —

पण तो शेवट येण्याआधी, पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे नंतर मध्ये येणार नाही. लग्न छान झालं. मन्मथची चक्की आता पुन्हा चालते. सकाळी चौकात वास येतो आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनासुद्धा शिंका येतात. तो पाण्याचा पेला अजून गल्ल्यावर आहे, पण आता तहानलेल्या माणसासाठी. गिरिजा मधे येऊन गेली, तर माझ्या दुकानात एक पिंजरा ठेवून गेली. आत पिल्लू, काळं, कपाळावर पांढरा पट्टा. म्हणाली, “काका, ह्यो बी बदलनार हाय. ऐकलंत ना ह्या बारीला?” मी म्हटलं, ऐकलं. त्याच्या कानाजवळ आता मीठ सांडायला लागलंय. कुणी विचारलं की मी सांगतो — रंग जातोय, कारण तो त्याचाच आहे. मन्मथ रोज दुपारी येतो, पिंजऱ्यात बोट घालतो. माझ्याशी पूर्वीसारखा बोलतो का? नाही. थोडं थोडं बोलतो. आणि जे मी त्याला त्या दुपारी तोंडावर सांगितलं, त्याबद्दल त्यानं अजून विचारलेलं नाही. गिरिजानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, टॉवेल हातात असताना मला ते आठवलंही होतं — हे तर त्याला माहीतच नाही. हे वाचून कळेल.

तर मी मांडवात उभा होतो. माईक तोंडाशी. गेवराईचा काका हसायच्या तयारीत तोंड उघडून बसलेला. ‘इंजन पुसलंय’ हे शब्द जिभेवर होते.

मी म्हटलं, “आन् टॉवेल पांढराच.”

दोघंतिघं सवयीनं हसले आणि मध्येच थांबले. मला वाटलं, नीट कळलं नसेल. मी पुन्हा म्हटलं — टॉवेल पांढरा होता. कोराच्या कोरा. इतका, की मी तो वाळवला, घडी घातली, थप्पीत ठेवला आणि आहेरात विकला. काळा तो कधी झालाच नाही. काळा तो मी केला, माईकवर, आणि ज्याच्या नावानं केला तो हा इथं उभा आहे, लेकीचं लग्न घेऊन.

बास, एवढंच. पुढचं एकही वाक्य मला सुचलं नाही. मला. मन्मथच्या हातातलं ताट कलतं झालं होतं आणि एकेक सुपारी सतरंजीवर पडत होती. गिरिजा डोळे उघडून माझ्याकडं नाही, बापाकडं बघत होती. बाप तिच्याकडं. सगळा मांडव गप्प. इतका गप्प मांडव मी कधी पाहिला नव्हता, आणि मी तर मांडवातच जगलोय.

आणि त्या शांततेत बायांच्या गर्दीतून, एका हातात हळदीची पितळी वाटी आणि दुसऱ्या हातात अर्धा फाडलेला पुडा धरून, सुमन उठून उभी राहिली. बाईनं आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवलेला नाही. तिनं वाटीचा वास घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली:

“म्हंजी हळद चांगलीच व्हती व्हय? मंग ह्या पुड्याचं मी आता काय करू?”